माझा छंद : सायकलचे जुने पाने

(नभोवाणीवरील भाषण)

छंद या विषयावर बोलणारे वक्ते आपण पुष्कळ ऐकले असतील. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी जमवतो, कोणी जुनी घड्याळे. या मंडळींना आपला छंद सांगताना संकोच वाटत नाही; कारण तिकिटावर राजाचे चित्र असते, नाण्यावर इतिहास कोरलेला असतो आणि घड्याळ निदान भिंतीवर शोभते तरी. माझा छंद सांगताना मात्र मला आधी थोडे खाकरावे लागते. मी सायकलचे पाने जमवतो. त्यातही जे पाने आता कोणताच कारखाना काढीत नाही आणि ज्यांच्या एकाच तुकड्यात तीन-चार-दहा हत्यारांची कामे एकवटलेली असतात, असे पाने. आमच्या घरी या संग्रहाला ‘भंगार’ असे सुटसुटीत नाव आहे. पाहुणे आले की कपाटाचे तेवढे दार लोटून घ्यावे, अशी सूचना मला आतून मिळते.

तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस मी करतो आहे, त्याला कारण आहे. हे पाने केवळ बाळगणे आणि ते वापरणे यांत काय अंतर आहे, हे मला एका माणसाचे नुकसान केल्यावर समजले. ती हकीकत मी पुढे सांगणारच आहे. परंतु ती नीट कळावी म्हणून आधी या पान्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी.

मी बेळगावचा. आमच्या गावात किर्लोस्कर रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते, की किर्लोस्करांचा सारा पसारा सायकलीपासून सुरू झाला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लोखंडी नांगर हे पुढचे, आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी त्याच्याही पुढची. ज्या काळी सायकल ही चैनीची वस्तू होती आणि ती दुरुस्त करणारा मनुष्य तालुक्याच्या ठिकाणीही मिळेल याची खात्री नव्हती, त्या काळी सायकलबरोबर सीटच्या मागे एक लहानशी चामड्याची पिशवी येई. तिच्यात एक-दोन पाने, टायर काढायच्या पट्ट्या, रबराचे ठिगळ आणि सोल्यूशनची नळी असे. पिशवी लहान आणि वाट लांब. म्हणून एका पान्याला अनेक तोंडे पाडण्याची युक्ती निघाली. ज्याला मी बहुकामी पाना म्हणतो तो अशा गरजेतून जन्मला.

स्वार आपली सायकल आपणच नीट करील, ही कल्पना त्या काळी किती पक्की होती याचे एक उदाहरण सांगतो. १९१३ सालच्या फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, म्हणजे ‘तूर द फ्रान्स’मध्ये, युजेन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा तूर्माले घाटाच्या उतारावर मोडला. नियम असा, की दुरुस्तीला कोणाचीही मदत घ्यावयाची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली, दहा किलोमीटरांहून अधिक वाट पायी तुडवली आणि सेंत-मारी-द-कांपां या गावातील लोहारशाळेत आपल्या हाताने तो चिमटा सांधला. भट्टीचा भाता एका पोराने ओढला, एवढ्या ‘मदती’बद्दल त्याला वर दंडाचा वेळ जोडण्यात आला! आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग येऊ नये. परंतु सीटमागची ती पिशवी कोणत्या शिस्तीतून आली हे यावरून ध्यानात येते.

आता माझ्या कपाटाकडे वळू. त्यात मुख्यतः तीन जातींचे पाने आहेत.

पहिली जात चपट्या पान्यांची. बोटभर रुंदीची पोलादी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना आणि कडांना निरनिराळ्या मापांची तोंडे, मधोमध एखादे षट्कोनी भोक, आणि कधी एक टोक स्क्रू फिरवता यावा म्हणून पातळ केलेले. इंग्लंडात रेडिच गावच्या टेरी कंपनीने असे पाने काढले. ही कंपनी मूळची स्प्रिंगा करणारी. १९३० नंतरच्या काळात हवा तसा वाकणारा ‘अँगलपॉइज’ दिवा बाजारात आणला तो हिनेच. माझ्याजवळचा सर्वांत लाडका पाना याच चपट्या जातीचा आहे. त्यावर निकेलचे पाणी आहे आणि तोंडांपाशी ३/१६, १/४, ५/१६ असे आकडे ठोकलेले आहेत.

हे आकडे वाचून फसगत होते, म्हणून जरा थांबतो. आजच्या पान्यावर १५ लिहिले असेल तर त्याच्या तोंडाची रुंदी १५ मिलिमीटर असते. जुन्या इंग्रजी पान्यांचे तसे नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण मांडले. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा हा तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची बोल्टच्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. ५/१६ आकड्याच्या पान्याचे तोंड ०.६०० इंच, म्हणजे सुमारे १५.२ मिलिमीटर. आता आपण आजच्या मेट्रिक पान्यांचा पुडा घेऊन अशा नटासमोर बसा. १३ चा पाना चढणार नाही आणि १४ चा सैल पडेल. १५ चा चढणार नाही आणि १६ चा गरगर फिरेल. नवा पाना चांगला असतो, महागही असतो. पण तो या नटासाठी जन्मलेलाच नसतो.

आट्यांचीही तीच कथा. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील सायकल अभियंत्यांच्या संस्थेने सायकलसाठी निराळे बारीक आटे ठरवले. बहुतेक मापांना इंचात २६. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे असतात, म्हणजे सायकलचे आटे त्याहून बारीक. पातळ नळीत खोल आटे पाडता येत नाहीत आणि बारीक आट्यांचा नट धक्क्यांनी सहसा सुटत नाही, असा त्यात हिशेब होता. इंचात २६ आटे म्हणजे दोन आट्यांमधले अंतर ०.९७७ मिलिमीटर. मेट्रिक बारीक आट्याचे अंतर पुरते १ मिलिमीटर. फरक केसाएवढा, आणि हा केसाएवढा फरकच घात करतो. चुकीचा नट दोन-तीन वेढे सुखाने जातो, दुकानदाराला वाटते बसला, मग तो अडकतो, मग जोर लावला जातो आणि शेवटी नट व आस दोन्ही वाया जातात.

दुसरी जात डंबेल पान्याची. व्यायामशाळेतील डंबेलसारखा मधे दांडा, दोन्ही टोकांना दोन गोळे आणि त्या गोळ्यांत निरनिराळ्या मापांची मिळून दहा भोके. हा पाना आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिला असेल. याची पैदास अजून पूर्ण थांबलेली नाही. मी त्याचे जुने नमुने ठेवले आहेत ते प्रेमापोटी नव्हे, तर दाखला म्हणून. एकाच्या मोलात दहा पाने मिळाल्याचा आनंद तो देतो, पण दांडा आखूड असल्याने जोर मिळत नाही, गोळा जाड असल्याने अडचणीच्या जागी शिरत नाही, आणि भोके सैल असल्याने नटाचे कोपरे गोल होतात. जुने ते सर्व सोने, असे मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हा पाना अधूनमधून हाती घेऊन पाहावा; डोके ठिकाणावर राहते. काही वस्तू बंद पडतात त्या योग्य कारणाने बंद पडतात.

तिसरी जात अलीकडची. चाकूसारखी घडी घालता येणाऱ्या किंवा जुळवून ठेवता येणाऱ्या हत्यारांची. माझा पुतण्या हैदराबादला असतो आणि रविवारी पहाटे उठून शंभर-शंभर किलोमीटर सायकल मारतो. त्याच्या सायकलवर बाहेरून पाना लागेल असा नट शोधूनही सापडत नाही. सगळे स्क्रू आतून षट्कोनी खाचेचे. त्यांना ॲलन की लागते, आणि डिस्क ब्रेकला तारेच्या आकाराची किल्ली. मागे तो आला तेव्हा त्याने मला अमेरिकेतील ‘कूल टूल’ नावाचे एक हत्यार आणून दिले. हे १९९० च्या सुमारास निघाले आणि आता बंद झाले. त्यात ॲलन कीबरोबर साखळीची पिन ढकलणारे यंत्र आहे आणि एक लहानसा स्क्रू पाना, म्हणजे तोंड कमीजास्त करता येणारा पाना आहे. पुतण्या म्हणाला, “काका, एवढा स्क्रू पाना कशाला दिला असेल? निव्वळ वजन.” मी ते हत्यार घेऊन अंगणात गेलो आणि माझ्या वडिलांच्या वेळच्या सायकलचा ब्रेकचा नट सोडवून दाखवला. तोंड सरकते असल्यामुळे त्याला इंच आणि मिलिमीटर यांचे भांडण ठाऊकच नव्हते. त्या दिवसापासून पुतण्या माझ्या कपाटाला भंगार म्हणत नाही.

हे सारे पाने बंद का पडले, असा प्रश्न कोणी विचारील. पाना वाईट ठरल्यामुळे तो बंद पडतो असे क्वचितच घडते. बहुधा त्याचा नट आधी नाहीसा होतो. इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलोने १९३० च्या सुमारास चाक एका खटक्यासरशी सोडवण्याची युक्ती काढली. बर्फात गारठलेल्या बोटांनी चाकाचा नट सुटेना म्हणून त्याला ती सुचली, अशी आख्यायिका आहे. ती युक्ती रूढ झाल्यावर शर्यतीच्या सायकलला चाकाचा पाना बाळगण्याचे कारण उरले नाही. हँडलखालच्या मानेला पूर्वी मोठा रुंद पाना लागे, एक इंची नळीला ३२ मिलिमीटरचा आणि सव्वा इंचापेक्षा थोड्या कमी जाडीच्या नळीला ३६ चा. १९९० नंतर बिनआट्यांची मान प्रचारात आली आणि तो पानाही गेला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि इंचाची चलती हळूहळू ओसरली. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील माफाक ही कंपनी ब्रेकसाठी नावाजलेली. तिच्या लहानशा पिशवीत पाने, टायरच्या पट्ट्या आणि ठिगळे नीट मांडलेली असत. ती कंपनी बंद झाली तशी पिशवीही गेली. मला ती पुद्दुचेरीच्या एका स्नेह्याने दिली.

कारखान्यांचेच पाहा. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता आणि आसनसोलला सेन-रॅले. डबघाईला आलेल्या या दोन्ही कंपन्या १९८० साली एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या; पुढे त्याही थांबल्या. ॲटलास सायकलचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद झाला, आणि योगायोग असा की तो दिवस जागतिक सायकल दिन होता. कारखाना बंद झाला म्हणजे बातमी होते. पण त्या कारखान्यातून निघालेली सायकल त्या दिवशी बंद पडत नाही, हे बातमीत येत नाही. ती दुधाचे कॅन वाहत असते, विळा-गवत वाहत असते, कोणाच्या तरी मुलीला शाळेत पोचवत असते. कारखान्याने हात आखडता घेतला तरी तिचे नट रोज सैल होतातच. अशा वेळी तिच्या मापाचा पाना कोठे तरी शिल्लक असणे ही केवळ हौसेची गोष्ट राहत नाही.

हे शहाणपण मी आज सांगतो आहे. परंतु पूर्वी ते मला नव्हते. आता ती हकीकत सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातील एका सकाळी मी येळ्ळूरच्या रस्त्याने फिरायला निघालो होतो. दोन-तीन घरे ओलांडली असतील नसतील, तो रस्त्याच्या कडेला एक ओळखीचे दूधवाले सायकल धरून उभे दिसले. सायकल त्यांच्या वडिलांची, इंग्रजी घडणीची, चौकट काळीभोर. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. मागचे चाक आसासकट एका अंगाला सरकून चौकटीला घासत होते. नट सोडायचा, चाक सरळ करायचे आणि पुन्हा आवळायचा, एवढेच पाच मिनिटांचे काम. मला पाहताच ते म्हणाले, “मास्तर, पाना हाय काय हो तुमच्याकडं?”

मी कारखान्याच्या कामाचा शिक्षक. मला पाना विचारणे म्हणजे भटजींना पंचांग विचारण्यासारखे. मी घरी परतलो आणि कपाट उघडले. त्या नटाचे माप मला नजरेने कळले होते. चपटा पाना समोरच होता, तेलकट कागदात गुंडाळलेला, ५/१६ चे तोंड अगदी कोरे. तो मी पुण्याच्या जुन्या बाजारातून तीन वेळा खेपा घालून मिळवला होता. हात त्याच्याकडे गेला आणि मनात आले, गंजलेल्या नटावर याचे निकेल ओरखडेल. श्रोतेहो, एवढाच विचार. मी कपाट लावले आणि शेजारच्या पेटीतला १६ चा नवा पाना घेऊन गेलो.

पाना सैल होता हे पहिल्याच वेढ्यात कळले. मी तोंडात पत्र्याची चकती घालून पाहिले. दूधवाल्यांनी जोर लावला, पाना निसटला, त्यांची बोटे सोलवटली आणि नटाचे कोपरे गेले. मग पक्कड, मग छिन्नी आणि हातोडी. शेवटी नट सुटला, पण फुटून. त्या आट्यांचा दुसरा नट त्या वेळी जवळच्या कोणत्याही दुकानात मिळेना. उन्हे चढत चालली. त्यांनी सायकल माझ्या अंगणात लावली, एक कॅन डोक्यावर आणि एक हातात घेऊन ते चालत शहराकडे निघाले. मी दुसरा कॅन घेतो म्हणालो. त्यांनी घेऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी समजले, की शेवटच्या तीन घरांचे दूध नासले आणि ज्या हॉटेलात ते रोज सर्वांत अधिक दूध घालीत, तेथे उशीर झाला म्हणून दुसऱ्याचे दूध घेतले गेले. ते गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, “तुम्ही धावून आला, मास्तर,” असेच म्हणाले. त्या बोलण्याने मला जी लाज वाटली तिचे वर्णन मी करीत नाही.

त्याच दिवशी तो फुटका नट खिशात घालून मी शहापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे जुन्या नटांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी डबा उपडा केला, बोटांनी चाळला आणि पाच मिनिटांत इंचात २६ आट्यांचा नट काढून दिला. फुटका नट पाहून त्यांनी विचारले आणि मी, काय वाटले कोण जाणे, सारे खरे सांगून टाकले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, बरोब्बर तोंडाचा पाना घरात असून आणला न्हाई म्हणता? मग तो पाना न्हवं, दागिना हाय.”

संध्याकाळी मी तोच चपटा पाना घेऊन दूधवाल्यांच्या घरी गेलो. नवा नट त्या पान्याने आवळला. तोंड नटावर असे बसले, की जणू दोन्ही एकाच साच्यातून निघाले होते. निकेलवर ओरखडा पडला. आणि काहीही बिघडले नाही.

त्या दिवसापासून मी माझ्या संग्रहाला काही नियम घालून घेतले आहेत. आपल्यापैकी कोणाला असा छंद असेल, किंवा आजोबांच्या सायकलची पिशवी माळ्यावर पडली असेल, तर ते उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नियम : पाना घेताना त्याची चकाकी पाहू नये, तोंड पाहावे. तोंडाच्या दोन्ही भिंती समांतर आहेत का, आतले कोपरे झिजले आहेत का, मुळाशी बारीक तडा गेला आहे का, हे उजेडात धरून पाहावे. तोंड फाकलेला पाना कितीही दुर्मिळ असला तरी तो फळीवर ठेवण्यापुरताच राहिला. फाकलेले तोंड ठोकून मिटवू नये आणि कानशीने घासून मोठे तर मुळीच करू नये. तसे केले की एक माप कायमचे नाहीसे होते.

दुसरा नियम : गंज काढताना संयम ठेवावा. पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून सकाळी पितळी ब्रशने घासला तर बहुतेक गंज निघतो. दगडाच्या चाकावर धरला तर गंजाबरोबर आकडेही जातात, आणि मग तो कोणत्या मापाचा हे सांगायला कोणी उरत नाही. घासून झाल्यावर तेलाचा हात फिरवावा आणि मापाची चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर पान्यावरचा आकडा आणि व्हर्नियरने मोजलेली मिलिमीटरमधली रुंदी, दोन्ही लिहावीत. उद्या हे कपाट ज्याच्या हाती जाईल त्याला व्हिटवर्थ ठाऊक असेलच असे नाही.

तिसरा नियम वापरण्याचा : आधी पाना नटावर हलवून पाहावा, थोडाही खेळत असेल तर जोर लावू नये. जुन्या नटावर तेल टाकून निदान अर्धा तास वाट पाहावी. पाना शक्य तो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. निसटला तर बोटे वाचतात. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. हे न कळल्यामुळे सोडण्याऐवजी आवळत बसलेले मी अनेक पाहिले आहेत आणि त्यांत एकदा मीही होतो.

चौथा नियम मर्यादेचा : जुने हत्यार नव्या सायकलवर चालवून त्याची थोरवी सिद्ध करू नये. हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये रोलर साखळीचे पेटंट घेतले, आणि साखळीच्या पिनांमधले अर्ध्या इंचाचे अंतर सायकलवर अजूनही टिकून आहे. पण गिअर वाढत गेले तशी साखळीची रुंदी कमी होत गेली. जुन्या यंत्राने जाड साखळीची पिन छान निघते. अकरा-बारा गिअरांच्या आजच्या पातळ साखळीत तेच यंत्र पिन वाकडी बसवते आणि साखळी चढावर तुटते. पुतण्याच्या साखळीसाठी पुतण्याचेच हत्यार बरे. प्रत्येकाने आपापल्या काळाच्या नटाला हात घालावा.

आणि पाचवा नियम, जो मी मिस्त्रींच्या त्या वाक्यानंतर केला : कपाटाला कुलूप नाही. कपाटाच्या दारामागे एक वही टांगली आहे. ज्याला पाना हवा त्याने नाव, तारीख आणि पान्याचा आकडा लिहावा आणि घेऊन जावे. गेल्या इतक्या वर्षांत दोन पाने परत आले नाहीत. वाईट वाटले, पण दोन्ही कोठे तरी नटावर असतील, असे मी मनाशी समजावले. उलट, वहीमुळे मला जे मिळाले ते बाजारात मिळाले नसते. कोणी पाना परत करताना आपल्या घरातला दुसरा आणून देतो. कोणी म्हणतो, आमच्या आत्याकडे गोव्यात एक जुनी सायकल आहे, तिच्या पिशवीत काही दिसले तर कळवतो. शहापूरचे ते मिस्त्री आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे पाठवून दिला. पाने माझ्याजवळ होते आणि नट त्यांच्याजवळ; आता दोन्ही एका फळीवर आहेत.

दूधवाल्यांचा मुलगा आता मोटारसायकलवर दूध घालतो. पण ती काळी सायकल त्यांनी विकली नाही. घरातल्या लहानसहान कामांना ती निघते. वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि होळीच्या सुमारास, तो मुलगा येतो, वहीत ५/१६ असा आकडा लिहितो आणि चपटा पाना घेऊन जातो. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा पान्याला ग्रीसचा वास असतो. त्या तोंडावरचे निकेल आता पुरते गेले आहे आणि आतले पोलाद दिसू लागले आहे. संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत घटली असेल. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

श्रोतेहो, आपल्या घरी माळ्यावर, कोठीत किंवा जुन्या ट्रंकेत अशी एखादी पिशवी असेल. ती भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आतला पाना हाती घ्या आणि आपल्या गल्लीत अजून चालणाऱ्या एखाद्या जुन्या सायकलच्या नटावर तो बसतो का, ते करून पाहा. बसला, तर तो त्या सायकलच्या धन्याला दाखवा. त्याला तो कधी तरी लागेल. आणि तो लागेल त्या सकाळी आपण घरी असाल, एवढे मात्र पाहा.